शनिवारचा धर्म-तत्त्वज्ञान क्लास, सदाशिव पेठ: मतभेद नीट करायला शिकायचं असेल तर जरूर जा

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच, पण धर्म या विषयावर पुण्यात पैसे भरून काही शिकायचं असेल तर माझ्या पाहण्यात यापेक्षा चांगलं काही नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हल्ली सणाच्या शुभेच्छांवरूनसुद्धा लोक एकमेकांशी बोलायचे बंद होतात, ऑफिसात तर हा विषय निघाला की सगळे मोबाईलमध्ये डोकं घालतात, त्यामुळे मला खरंच कुठेतरी जाऊन हे शिकायचं होतं की समोरच्याचा धर्म आपला नाही, त्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही, तरी त्याच्याशी बोलायचं कसं. म्हणून नाव घातलं.

आधी व्यवहाराचं. जूनच्या शेवटी सुरू होतो आणि दिवाळीच्या आत संपतो, दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ, फी तीन हजार, विद्यार्थ्यांना निम्मी. शिकवायला दोघं आहेत, मॅडम पाश्चात्त्य तत्त्वज्ञान घेतात आणि सर आपली दर्शनं, दोघंही कॉलेजातून रिटायर झालेले. वर्गात पंचवीस-तीस जण. फॉर्मवर धर्म, जात काही विचारत नाहीत, आणि देव मानणारे-न मानणारे दोन्ही येतात. आमच्या बॅचला सदाशिव पेठेतल्या एक वारकरी आजी होत्या, बँकेतून रिटायर झालेले एक बौद्ध काका, कोंढव्याचा एक इंजिनियर मुलगा जो पाच वेळची नमाज सोडत नाही, गुलटेकडीच्या एक जैन ताई, शाळेत शिकवणाऱ्या एक ख्रिश्चन बाई, आणि देव न मानणारे बरेच, त्यात कॉलेजची मुलं जास्त.

क्लासचा एक नियम आहे आणि माझ्या मते सगळी फी त्या एका नियमातच वसूल होते. कुणाच्याही म्हणण्यावर आक्षेप घ्यायचा तर आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडायचं, आणि तो माणूस "हो, हेच म्हणायचंय मला" असं म्हणेपर्यंत मांडत राहायचं. त्याने मान डोलावली की मगच आपला मुद्दा. सर म्हणाले की यात नवीन काहीच नाही, आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, आधी मांडायचा आणि तोही शक्य तितका बळकट करून मांडायचा ही जुनी शिस्त आहे, कमकुवत पूर्वपक्ष खोडून काढणारा पंडित सभेत टिकत नसे. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा घरी, नवरा-बायकोच्या साध्या वादातसुद्धा जमत नाही, आणि इथे तर विषय देवाचा.

सुरुवातीचे शनिवार ईश्वर आहे का या प्रश्नावर होते. मला वाटलेलं ते अॅक्विनास वगैरे युरोपातल्या विचारवंतांपासून सुरू होईल, पण सरांनी उदयनाचार्यांपासून सुरुवात केली. हजारेक वर्षांपूर्वीचे नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, त्यांचं म्हणणं असं की घडा दिसला की कुंभार मानावा लागतो, जग हेही कार्य आहे तेव्हा त्याचा कर्ता मानायला हवा. मग बौद्ध आचार्यांचं उत्तर, की घडा बनवताना कुंभार आपण पाहिलेला आहे म्हणून तिथे अनुमान चालतं, रानात आपोआप उगवणारं गवत कुणी बनवताना कुणी पाहिलंय? मग जैनांचा प्रश्न, की त्या कर्त्याला शरीर आहे की नाही, असेल तर ते कुणी बनवलं आणि नसेल तर तो काम कशाने करतो. आणि मला सगळ्यात धक्का देणारी गोष्ट म्हणजे मीमांसक, वेद प्रमाण मानणारे, यज्ञावर एवढं लिहिणारे लोक, त्यांनाही जगाचा कर्ता ईश्वर नको होता. आपल्याकडे "आस्तिक-नास्तिक" म्हणून जे दोन गट डोक्यात असतात ते या एका शनिवारात पार विस्कटले. मॅडमनी पुढच्या वेळी ह्यूम घेतला, जगावरून कर्त्याचं अनुमान करण्यावर आक्षेप घेणारा स्कॉटिश तत्त्वज्ञ, तेव्हा वर्गातल्या एका मुलाने लगेच म्हटलं की हे तर त्या गवतासारखंच चाललंय, आणि मॅडमना एवढा आनंद झाला की त्यांनी तास तिथेच सोडून त्याच मुलाला फळ्यावर बोलावलं.

दुःखाचा प्रश्न आला तेव्हा वर्ग पहिल्यांदा खऱ्या अर्थाने तापला. देव दयाळू आणि सर्वशक्तिमान असेल तर लहान मूल आजारी का पडतं, हा तो जुना प्रश्न. ख्रिश्चन बाई बायबलमधल्या ईयोबाबद्दल बोलल्या, फार छान बोलल्या, की त्या ग्रंथात ईयोबाला दुःखाचं कारण शेवटपर्यंत कुणी सांगत नाही, आणि जे मित्र कारणं सांगतात, तू काहीतरी पाप केलं असशील म्हणतात, त्यांच्यावरच देव रागावतो. मग कुणीतरी म्हणालं की आपल्याकडे कर्मसिद्धान्ताने हा प्रश्न सुटतो, मागच्या जन्माचं असतं. तेव्हा बौद्ध काका उठले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. म्हणाले, माझ्या आजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते आणि त्याचं कारण त्यांना हेच सांगितलं जायचं, ईयोबाच्या मित्रांनी जे सांगितलं तेच. वर्गात एकदम शांतता. नियमाप्रमाणे कर्माचा मुद्दा मांडणाऱ्या गृहस्थांना आधी काकांचं म्हणणं मांडायचं होतं, ते दोनदा अडखळले, तिसऱ्यांदा नीट मांडलं, काकांनी मान डोलावली, आणि मग त्या गृहस्थांनी आपली बाजू न सोडता एवढंच म्हटलं की कर्म हे स्वतःच्या वागण्याला लावायचं माप आहे, दुसऱ्याच्या दुःखाला लावायचं नाही असं मला वाटतं. काकांना ते पुरेसं वाटलं नाही. त्यांनी तसं सांगितलंही. पण चहाला दोघं एकत्र उभे होते.

या चहाबद्दल वेगळं लिहिलंच पाहिजे. चातुर्मास असल्यामुळे जैन ताई सूर्यास्तानंतर काही खात-पीत नव्हत्या, आणि मगरिबची नमाज सूर्यास्त झाला की लगेच असते, म्हणून ब्रेक असा आखला होता की सूर्यास्ताच्या आधी चहा आणि खाकरे, सूर्यास्ताला शेजारची छोटी खोली नमाजसाठी मोकळी, आणि नमाज संपली की दुसरं सत्र. जुलैत हा ब्रेक सव्वासातच्या आसपास असायचा आणि दर आठवड्याला थोडा थोडा अलीकडे सरकत सप्टेंबरअखेर साडेसहावर आला, फळ्याच्या कोपऱ्यात सूर्यास्ताची वेळ लिहिलेली असायची. कुणी याच्यावर भाषण केलं नाही. पण मला तो खडूने लिहिलेला आकडा फार आवडायचा, कारण दोन वेगळ्या धर्मांच्या शिस्ती एकाच घड्याळावर सांभाळल्या जात होत्या आणि त्यासाठी कुणालाच आपली शिस्त सैल करावी लागली नव्हती.

आता तो प्रसंग, ज्याच्यामुळे मी हा क्लास सगळ्यांना सांगत सुटलेय. विषय होता अनेक धर्म खरे असू शकतात का. जॉन हिक या ब्रिटिश तत्त्वज्ञांचं (1922 ते 2012) मत मॅडमनी मांडलं, की अंतिम सत्य एकच आहे, ते जसं आहे तसं कुणालाच कळत नाही, आणि प्रत्येक धर्म म्हणजे आपापल्या संस्कृतीतून त्याला दिलेला प्रतिसाद. वर्गातल्या बहुतेकांना हे लगेच पटलं, आपण लहानपणापासून आंधळे आणि हत्तीची गोष्ट ऐकत आलोय ना. कोंढव्याचा मुलगा म्हणाला, मला नाही पटत. त्याचं म्हणणं, त्या गोष्टीत सगळे आंधळे आहेत पण गोष्ट सांगणाऱ्याला मात्र अख्खा हत्ती दिसतोय, म्हणजे तुम्ही म्हणताय की मुसलमानाला शेपटी दिसली, ख्रिश्चनाला पाय दिसला, आणि पूर्ण हत्ती तुम्हाला दिसला. अल्लाह एकच आहे हे मी खरं मानतो, एका रंगाचा चष्मा म्हणून नाही मानत, आणि तुम्ही मला खोटा म्हणालात तरी चालेल पण माझं म्हणणं काय आहे हे मलाच शिकवू नका. जैन ताईंनी त्याला जोड दिली, की जैनांच्या अनेकान्तवादाचा अर्थ लोक सगळंच खरं असा करतात, तो तसा नाहीये, एखादं विधान कुठल्या बाजूने खरं आणि कुठल्या बाजूने नाही हे प्रत्येक वेळी सांगायची जबाबदारी आहे त्यात, सगळ्यांना पास करून टाकायची सोय नाही.

आणि मग आजी बोलल्या. अगदी प्रेमाने बोलल्या, त्यांच्या मनात काही म्हणजे काही वाईट नव्हतं. काकांकडे बघून म्हणाल्या, "अहो बुद्ध आमचाच की, दशावतारात नववा तोच आहे, मी रोज नमस्कार करते." काका म्हणाले, "आजी, तुमचा नमस्कार मला मान्य आहे. पण 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यातली एक हीच आहे, की बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे असं मी मानणार नाही. माझ्या वडिलांनी ती घेतलीये, मीही घेतलीये."

आजींना लागलं ते. चेहऱ्यावर दिसलं. मॅडमनी मध्ये पडायची घाई केली नाही, फक्त नियमाची आठवण करून दिली. आजींनी पहिला प्रयत्न केला, "तुम्हाला राग आहे आमचा." काका म्हणाले नाही, हे नाही माझं म्हणणं. दुसरा प्रयत्न, "तुम्ही देव मानत नाही." काका म्हणाले ते आहे, पण मुद्दा तो नाही. मग आजी बराच वेळ गप्प राहिल्या, आणि मग हळूहळू म्हणाल्या, "बुद्ध माणूस होता, स्वतःच्या हिमतीवर त्याने मार्ग शोधला असं तुम्ही मानता. आणि मी त्याला माझ्या देव्हाऱ्यात बसवला की तुम्ही जो देव्हारा सोडून बाहेर पडलात, तिथेच तुम्हाला परत आणून बसवल्यासारखं होतं." काका म्हणाले, "हो आजी. हेच." मग पाळी काकांची. त्यांनी मांडलं की आजींच्या घरात जुन्या पंचांगावरच्या दशावताराच्या चित्रात नवव्या जागी विठोबा उभा असायचा आणि खाली बुद्ध लिहिलेलं असायचं, त्यामुळे आजींसाठी बुद्धाला नमस्कार म्हणजे विठोबालाच नमस्कार, आणि तो नाकारला की त्यांना त्यांचा विठोबाच नाकारल्यासारखं वाटतं. आजींनी डोळे पुसले आणि म्हणाल्या बरोबर आहे. कुणी कुणाचं मत बदललं नाही. आजी पुढच्या शनिवारीही नमस्कार करतच होत्या, काका मानत नव्हतेच. पण दोघांना एकमेकांचं म्हणणं आता पक्कं माहीत होतं, आणि मला वाटतं इतका वेळ देऊन, इतक्या बारकाईने कुणी आपलं म्हणणं समजून घेतलंय हा अनुभव दोघांनाही नवा असावा.

यानंतर सरांनी एकनाथांचं हिंदू-तुर्क संवाद हे भारूड घेतलं, सोळाव्या शतकातलं. त्यात दोघं एकमेकांची अशी काही खरडपट्टी काढतात की आज कुणी लिहिलं तर दुसऱ्या दिवशी केस होईल, तो याच्या देवांच्या गोष्टी काढतो, हा त्याला विचारतो की देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, आणि इतकं सगळं तोंडावर बोलून झाल्यावर शेवटी दोघं एकमेकांना मिठी मारतात. गोड बोलून मिठी मारलेली नाही तिथे, हे मला महत्त्वाचं वाटलं. त्याच दिवशी अशोकाचा गिरनारचा बारावा शिलालेख पण वाचला, ज्यात तो म्हणतो की आपल्या पंथाच्या आसक्तीपोटी जो दुसऱ्या पंथाची निंदा करतो तो आपल्याच पंथाचं नुकसान करतो. बावीसशे वर्षं झाली त्याला.

एक रविवार पायी फिरायचा होता, फीमध्येच आहे. कॅम्पात लाल देवळापासून सुरुवात. 1867 मध्ये पूर्ण झालेलं ओहेल डेव्हिड सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ हे, बांधायला घेतलं ते डेव्हिड ससून यांनी, ते 1864 मध्ये पुण्यातच वारले आणि त्यांची कबर आवारातच आहे. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, ओळखपत्र विसरू नका. तिथून नाना पेठेतलं सिटी चर्च, ज्याची जागा सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, 1792 मध्ये, पेशव्यांच्या नोकरीतल्या ख्रिश्चन सैनिकांसाठी दिलेली. मग गुरुवार पेठेत पंचहौद मिशनचं चर्च. तिथे उभं राहून सरांनी 1890 चं चहाचं प्रकरण सांगितलं, गोपाळराव जोशींच्या खटपटीने टिळक-रानड्यांसकट बरीच मंडळी मिशनमध्ये जमली, समोर चहा-बिस्किटं आली, नंतर नावं छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कप चहासाठी. या शहरात एका टेबलावर बसणं किती अवघड होतं, हे त्या आवारात उभं राहून ऐकताना अंगावर आलं माझ्या.

अग्यारीत, म्हणजे पारश्यांच्या अग्निमंदिरात, पारश्यांशिवाय कुणाला प्रवेश नाही, तर ती बाहेरूनच पाहिली, आणि फुटपाथवरच चर्चा पेटली. एक मुलगी म्हणाली प्रवेशच देत नाहीत तर संवाद कसला. काकांनी लगेच 1929 चा पर्वती सत्याग्रह काढला, दलितांना तिथल्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून झालेला, आणि पुढे जे म्हणाले ते मी अजून घोळवतेय, की पारशी म्हणतात तुम्ही आमच्यातले नाही म्हणून बाहेर थांबा, पर्वतीवर आम्हाला सांगत होते की तुम्ही आमच्यातलेच आहात पण बाहेर थांबा, या दोन दारांत फरक आहे. मुलीचं पूर्ण समाधान झालं नाही, तिने विचारलं की मग पारशी घरातली मुलगी बाहेर लग्न करते तेव्हा तिच्यासाठी ते दार कुठल्या प्रकारचं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. वेळ संपली म्हणून पुढे निघालो, ते बरं नाही झालं, असल्या प्रश्नासाठी एक अख्खा शनिवार पाहिजे.

आता तक्रारी. पहिली म्हणजे वारच. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आपला क्लास जवळजवळ पूर्ण त्यात जातो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल ज्यू लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हणायचे, त्यांनी तर मराठीत कीर्तनं केली बायबलच्या गोष्टींवर, रास्ता पेठेत त्यांचं सिनेगॉग आहे, आणि मराठीतल्या या धर्मसंवादाच्या क्लासला त्यांच्यातला शब्बाथ पाळणारा माणूस येऊच शकत नाही. सूर्यास्ताची वेळ फळ्यावर लिहिणाऱ्या लोकांनी याचा विचार करावा. बुधवार-गुरुवार ठेवा, नोकरीवाले थोडे उशिरा येतील, पण येतील.

दुसरी, इस्लामी तत्त्वज्ञानाला जेमतेम अर्धं सत्र. गझाली आणि इब्न रुश्द हे मध्ययुगातले दोन मोठे मुस्लिम विचारवंत अर्ध्या तासात उरकले, आणि त्यातही इतकी जबरदस्त गोष्ट होती, की गझालींनी तत्त्वज्ञांवर टीका करायच्या आधी त्यांची मतं इतक्या प्रामाणिकपणे मांडणारा एक ग्रंथ लिहिला की तो लॅटिनमध्ये गेल्यावर युरोपातल्या कित्येकांना गझाली हेच त्या मतांचे वाटले. अहो हा तर तुमच्याच क्लासचा नियम, तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा होता. पूर्वपक्ष म्हणजे फक्त आपल्याकडची गोष्ट असं पोरांच्या डोक्यात राहून गेलं.

तिसरी, बाहेरून बोलावलेल्या एका पाहुण्यांनी दोन तास फक्त आपल्या पंथाचं प्रवचन दिलं आणि प्रश्न घेतले नाहीत. कुठला पंथ ते लिहीत नाही, मुद्दा तो नाही. पाहुण्यांनाही नियम लागू करा. चौथी, झेरॉक्सच्या नोट्स अर्ध्या इंग्रजीत आहेत, आजींना त्यांची नात घरी वाचून दाखवायची. आणि जिना. दोन मजले, लिफ्ट नाही, पार्किंग तर विसराच, पीएमपीच्या बसने या किंवा टिळक रोडला गाडी लावून चालत या.

देव न मानणाऱ्यांना मात्र इथे पाहुण्यासारखं वागवत नाहीत हे मला फार आवडलं. आगरकरांवर एक पूर्ण शनिवार होता, मुस्लिम समाजातले सुधारक हमीद दलवाईंनी 22 मार्च 1970 ला याच शहरात मुस्लिम सत्यशोधक मंडळ सुरू केलं त्यावरही बोलणं झालं, आणि ते चालू असताना नमाज पढणारा आमचा मुलगा सगळ्यात लक्ष देऊन ऐकत होता. नंतर त्याने जे आक्षेप घेतले ते आधी दलवाईंची बाजू पूर्ण मांडून घेतले. त्या मांडणीवर मंडळाचं काम केलेले एक ज्येष्ठ गृहस्थ खुर्चीतून म्हणाले, "हो, असंच." मला वाटतं त्या दिवशी क्लास चालवणाऱ्यांना आपलं काम झाल्यासारखं वाटलं असेल.

व्हॉट्सअॅप ग्रुप आहे पण त्यावर फॉरवर्ड चालत नाहीत, स्वतः लिहिलेलं चालतं. मॅडमनी शेवटी शेवटी त्यावर जोतीरावांच्या सार्वजनिक सत्यधर्म पुस्तकातला (1891) तो भाग टाकला होता, एकाच घरात बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी इस्लाम मानणारी, मुलगा सत्यधर्मी, आणि चौघं एकमेकांचा द्वेष न करता राहतात. आजींनी त्यावर विचारलं की मग त्या घरात स्वयंपाक काय होत असेल, आणि त्यावर रात्री अकरापर्यंत चर्चा चालली, बीफपासून उपवासापर्यंत सगळं निघालं, कुणीही ग्रुप सोडला नाही.

कुणी जावं? ज्याला स्वतःची श्रद्धा किंवा अश्रद्धा जपूनच दुसऱ्याशी बोलायचंय त्याने. मनःशांती, ध्यान असं काही हवं असेल तर हा क्लास त्यासाठी नाही, काही शनिवारी मी इथून डोकं भणभणत घरी आलेय. नवी बॅच जूनमध्ये, फॉर्म मे महिन्यात निघतात, जागा लवकर भरतात. जिना चढायला त्रास असेल तर नाव घालतानाच सांगा, तळमजल्यावरची खोली मिळू शकते असं ऑफिसमध्ये म्हणालेत. आणि वार बदला असं फॉर्मवर सूचनांच्या रकान्यात तुम्हीही लिहा, मी लिहिलंय.